२७ वर्षांनंतर मैत्रिणींकडे जाताना

पत्र : माझे वय ५१ वर्षे आहे. २४ व्या वर्षी नोकरीसाठी गाव सोडले. पुढे आई-वडील माझ्याकडेच राहायला आले, तिथले घर विकले गेले आणि तिकडे जाण्याचे कारणच उरले नाही. शाळेपासून कॉलेजपर्यंत आम्हा पाच जणींचा घट्ट गट होता. त्यांतल्या तिघी आजही तिथेच आहेत, एक परदेशात आहे. फोनवरच्या गटात वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या येतात-जातात. आता आठवडाभर तिथे जाऊन सगळ्यांना भेटावे असे फार मनात आहे. गेल्या महिन्यात मी गटावर लिहिले, 'यंदा तिकडे यायचा विचार आहे, सगळ्या भेटू या.' तिघींनी अंगठ्याचे चिन्ह टाकले आणि पुढे कोणीच काही बोलले नाही. तिघींपैकी एक माझी जिवलग मैत्रीण. परीक्षेच्या काळात मी तिच्याकडेच अभ्यासाला राहत असे, पहाटे काकू आम्हाला उठवत. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या तेव्हा मी जाऊ शकले नाही. 'काळजी घे' एवढा मेसेज टाकला आणि फोन करीन करीन म्हणता राहूनच गेला. तेव्हापासून ती माझ्याशी तुटक बोलते. मी जावे का? गेले तर तिला कसे सामोरे जावे? निवृत्तीनंतर तिकडेच राहायला जावे असाही विचार डोक्यात घोळतो आहे. ता. क. : यजमानांना सोबत न्यावे का?

– एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुम्ही जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे उत्तर आधीच देऊन ठेवते, कारण पुढे सावधगिरीचे बरेच काही लिहायचे आहे आणि ते वाचून तुम्ही बेतच रद्द करावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. मात्र निघण्यापूर्वी एका गोष्टीचा मनाशी निवाडा करा. पाच जणींचा तो गट पूर्वीसारखा जमावा म्हणून तुम्ही जात आहात, की आज पन्नाशीत पोचलेल्या आणि मधली २७ वर्षे तुमच्यावाचून जगलेल्या तीन बायकांना जाणून घ्यायला जात आहात? पहिली अपेक्षा घेऊन गेलात तर आठवडाभर तुम्ही प्रत्येकीत जुन्या खुणा शोधत राहाल, त्या सापडल्या नाहीत की खट्टू व्हाल, आणि समोरचीलाही आपण कुठल्यातरी परीक्षेत कमी पडत आहोत असे वाटत राहील. दुसरी अपेक्षा घेऊन गेलात तर जुने जे काही शिल्लक असेल ते बोलता बोलता आपोआप वर येईल आणि जे उरलेले नसेल त्याची उणीव फारशी जाणवणार नाही. माझा पुढचा सगळा सल्ला तुम्ही दुसऱ्या हेतूने जाल हे धरून दिलेला आहे.

आता त्या तीन अंगठ्यांविषयी. तुम्ही त्यांचा अर्थ नकार असा घेतलेला दिसतो. मला तसे वाटत नाही. तुमचा निरोप पुन्हा एकदा वाचून पाहा : त्यात तारीख नाही, ठिकाण नाही आणि कोणा एकीला विचारलेला प्रश्नही नाही. अशा निरोपाला जी पहिल्यांदा सविस्तर उत्तर देईल तिच्याच गळ्यात सगळ्यांच्या सोयीचा दिवस ठरवण्याचे, जागा शोधण्याचे आणि न जमणाऱ्यांची समजूत काढण्याचे काम पडते, हे अशा गटांत वावरणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. म्हणून तिघींनी 'छान' अशा अर्थाची खूण केली आणि दुसरी कोणी पुढाकार घेईल म्हणून प्रत्येक जण थांबली. एकाच वेळी सगळ्यांना उद्देशून लिहिलेले कोणालाच खास आपल्यासाठी लिहिले आहे असे वाटत नाही, आणि तुमच्या मैत्रिणींच्या मनात नेमके काय आहे हे त्या तीन चिन्हांवरून ठरवणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल.

तेव्हा गट बाजूला ठेवा आणि तिघींना स्वतंत्रपणे लिहा. सुरुवात जिच्याशी बोलणे सर्वांत सोपे जाते तिच्यापासून करा. जिवलग मैत्रिणीकडे मी पुढे येते. निरोप मोठा नको, पण त्यात तीन गोष्टी असाव्यात : तिची आठवण आत्ता का झाली, तुम्ही कोणत्या तारखांना तिथे आहात, आणि तिला किती थोडा वेळ द्यावा लागेल. उदाहरणार्थ, 'परवा जुन्या वह्या आवरताना तुझ्या अक्षरातली एक चिठ्ठी सापडली आणि तुझ्याशी बोलावेसे वाटले. मी १० ते १६ तारखेपर्यंत तिकडे आहे. त्यातली एखादी संध्याकाळ तुला तासभर मोकळी असेल तर तू म्हणशील तिथे येईन. कामाची गडबड असली तर तसेही सांग, मी पुन्हाही येणारच आहे.' यातले शेवटचे वाक्य गाळू नका. नाही म्हणण्याची वाट मोकळी दिसली की माणसाला हो म्हणणेही सोपे जाते. चिठ्ठीऐवजी तुमच्या आठवणीतले जे खरे असेल तेच लिहा. रचून लिहिलेले जुन्या मैत्रिणीला ताबडतोब ओळखू येते.

एवढे साधे पाऊल उचलायलाही आपण का कचरतो, याचा अभ्यास झालेला आहे. लारा अ‍ॅक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, संपर्क तुटलेल्या मित्राला निरोप पाठवण्याची संधी लोकांना दिली. त्यांची इच्छा होती, समोरच्याला बरे वाटेल याची खात्री होती, संपर्काचा मार्ग हाताशी होता आणि लिहायला मुद्दाम वेळही दिला होता. तरीही निरोप पाठवणारे एक तृतीयांशाहून कमी निघाले. मधे फार काळ गेला की जुना मित्र जवळजवळ अनोळखी माणसासारखा वाटू लागतो आणि त्याच्याशी बोलायला आपण तितकेच बिचकतो, असे त्यांना आढळले. याच संशोधनात एक उपायही सापडला : ज्यांना आधी तीन मिनिटे सध्याच्या मित्रमंडळींना निरोप पाठवायला लावले, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांनी नंतर जुन्या मित्रालाही लिहिले. तुम्हीही तसेच करा. रोजच्या संपर्कातल्या दोघी-तिघींशी थोडे बोला आणि त्याच ओघात पहिल्या मैत्रिणीला लिहून टाका. मसुदा उद्यासाठी ठेवलात तर तो राहून जाईल, हे काकूंच्या वेळच्या त्या फोनवरून तुम्हीच जाणता.

तुमच्या संकोचावर आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या, ५,९०० हून अधिक लोकांचा सहभाग असलेल्या प्रयोगमालिकेत असे दिसून आले, की आपण सहज केलेल्या विचारपूशीचे समोरच्याला किती अप्रूप वाटेल याचा अंदाज आपण नेहमी कमीच बांधतो. आणि ती विचारपूस जितकी अनपेक्षित असेल तितके ते अप्रूप अधिक असते. 'इतक्या वर्षांनी अचानक लिहिले तर तिला काय वाटेल' या विचाराने तुम्ही थांबला असाल, तर ते अचानकपणच तुमच्या बाजूचे आहे.

निरोपांपेक्षा मोठी तयारी मात्र मनाची आहे. अल्फ्रेड शुट्झ या समाजशास्त्रज्ञांनी १९४५ साली, म्हणजे युद्धावरून सैनिक घरी परतत होते त्या काळात, परतणाऱ्या माणसाविषयी एक निबंध लिहिला. परक्या ठिकाणी जाणाऱ्याला आपल्याला इथले काही ठाऊक नाही याची जाणीव असते. घरी परतणाऱ्याला मात्र सगळे ठाऊक आहे, नुसते पुन्हा आत पाऊल टाकायचे आहे, असे वाटत असते आणि म्हणूनच त्याला धक्का बसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. दूर असलेला बदललेला असतो आणि मागे राहिलेलेही बदललेले असतात, पण दोघांच्याही मनात एकमेकांचे चित्र निरोपाच्या दिवशीचेच राहून गेलेले असते.

तुमच्या बाबतीत यात एक विषमता आहे, आणि ती नीट समजून घेतलीत तर बरेचसे गैरसमज टळतील. माणसाला आयुष्यातल्या साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात सर्वांत ठळकपणे आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार दिसून आलेले आहे. तुमचा तो काळ जवळजवळ सगळा एकाच गावात गेला आणि तिथेच थांबला. त्यानंतर तुम्ही तिथे दुसरे काहीच जगलेला नाहीत, म्हणून तो जसाच्या तसा राहिला आहे. तुमच्या मैत्रिणींनाही तीच वर्षे ठळक आठवत असणार, पण त्यांनी त्याच जागांवर पुढची २७ वर्षे काढली आहेत. शाळेकडे जाणारा रस्ता तुमच्या लेखी शाळेचाच रस्ता आहे. त्यांच्यातल्या एखादीच्या लेखी तो मुलाला क्लासला सोडण्याचा, सासऱ्यांच्या तपासण्यांसाठी दवाखान्यात खेटे घालण्याचा किंवा नोकरी गेली त्या दिवशी घरी परत येण्याचा रस्ता असेल. तुम्ही त्या कोपऱ्यावर थबकून गहिवराल आणि ती घड्याळ पाहत पुढे चालू लागेल. तो कोरडेपणा समजू नका. तिला तिथून रोज जावे लागते, आणि रोज जावे लागणाऱ्या जागेपाशी कोणालाच दरवेळी थांबता येत नाही.

म्हणूनच माझी एक कळकळीची विनंती आहे : गाव किती बदलले, पूर्वी काय होते आणि आता त्याचे काय झाले, हा सूर त्यांच्यासमोर लावू नका. तुम्ही नसताना त्यांनी ते गाव चालवले आहे, तिथल्या गैरसोयी सोसल्या आहेत आणि तिथल्या चांगल्या बदलांसाठी कदाचित धडपडही केली आहे. आठ दिवसांसाठी आलेल्या व्यक्तीने त्यावर हळहळणे त्यांना बोचते. जुन्या जागांचा निरोप घ्यायचाच असेल तर पहिला दिवस स्वतःसाठी ठेवा आणि एकट्याने फिरा. विकलेले घर बाहेरून पाहा, वाटले तर रडून घ्या, आणि मग दुसऱ्या दिवसापासून माणसांकडे वळा. आता तिथे राहणाऱ्यांची घंटा मात्र आगाऊ विचारल्याशिवाय वाजवू नका.

पहिल्या भेटी एकेकीच्या असाव्यात आणि छोट्या असाव्यात. सगळ्या एकत्र जमल्या की बोलणे ठरावीक चार-सहा किश्श्यांभोवती फिरत राहते आणि कोणालाच स्वतःविषयी खरे काही सांगता येत नाही. शक्य असेल तर समोरासमोर बसून राहण्यापेक्षा तिच्या एखाद्या कामात सोबत करा. तिला बँकेत जायचे असेल तर बरोबर जा, संध्याकाळी फिरायला जाण्याची तिची सवय असेल तर तिच्याबरोबर चाला. चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही आणि मधल्या शांततेचे ओझेही वाटत नाही. पहिली २०-२५ मिनिटे आठवणींवर सहज निघतील. मग एकदम बोलायला काही उरलेले नाही असा क्षण येईल, दोघीही फोनकडे पाहाल, आणि आपण उगाच आलो असे तुम्हाला वाटेल. तो क्षण प्रत्येक भेटीत येतो. खरी भेट तिथून पुढेच सुरू होते, म्हणून त्या वेळी निरोप घेऊ नका आणि आणखी एक जुना किस्साही काढू नका.

त्या वेळी विचारायचे ते मधल्या वर्षांविषयी. मुले काय करतात, पगार किती, घर केवढे, या माहितीची देवाणघेवाण लवकर संपते आणि तिच्यातून नकळत तुलना सुरू होते. त्यापेक्षा तुम्हाला अर्धवट ठाऊक असलेला एखादा धागा धरा. 'तू ती शिक्षिकेची नोकरी सोडलीस एवढेच मला कळले होते, त्या वेळी नेमके काय झाले होते?' असा प्रश्न विचारला की समोरचीला दोन गोष्टी कळतात : तुम्ही दुरून का होईना लक्ष ठेवून होता, आणि आपल्याला सगळे माहीत आहे असा तुमचा समज नाही. मग ऐका. मधेच 'माझ्याकडेही अगदी असेच झाले' असे म्हणून गोष्ट स्वतःकडे वळवू नका. तुमची पाळी येईल. शहरात मिळालेले पद, प्रवास, ओळखी यांविषयी त्यांनी विचारले तर मोकळेपणाने सांगा, पण न विचारता त्यांची यादी वाचू नका. तुमचे बरे झाले याचा त्यांना आनंद होईल. फक्त तो आनंद तुम्ही मागून घेतला असे होऊ नये.

आठवणींच्या बाबतीत एक लहानशी सूचना. एकच प्रसंग तुम्हा चौघींना चार प्रकारे आठवत असेल, आणि प्रत्येकीला आपलेच खरे याची खात्री असेल. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवून दिले होते, की आपण आठवण जशीच्या तशी साठवून ठेवत नाही, तर प्रत्येक वेळी ती नव्याने जुळवतो. त्यामुळे सहलीला कोण कोणावर रुसले होते याचा निकाल लावत बसू नका. मात्र एखाद्या आठवणीत तुम्हीच कठोर किंवा स्वार्थी दिसलात, आणि तुम्हाला तसे काही आठवत नसले, तर ती झटकूनही टाकू नका. तुम्ही विसरलात म्हणून ते घडलेच नाही असे होत नाही. जिला लागले तिला ते आठवणारच.

तुमच्या जिवलग मैत्रिणीचा प्रश्न या सगळ्याहून वेगळा आहे आणि माझ्या मते तुमच्या पत्राचा गाभा तोच आहे. तुम्ही अंत्यदर्शनाला जाऊ शकला नाहीत, एवढ्याने ती दुखावली असेल असे मला वाटत नाही. लांबच्या माणसाला पोचता येत नाही, हे तिला कळत असणार. पण घरी येणाऱ्यांची वर्दळ संपते, दिवस रिकामे होतात आणि आईविषयी बोलावेसे वाटू लागते, त्या काळात तिला बोलायला माणूस हवे होते. काकूंना रोजच्या वागण्यातून, त्या घरातच राहून ओळखणारी माणसे तिच्याजवळ किती असतील? पहाटे उठवायला येणाऱ्या काकू आठवणारी तर तिच्याखेरीज तुम्ही एकट्याच असाल. तिने तुमच्या फोनची वाट पाहिली असेल ती या कारणाने, आणि तो आला नाही म्हणून आईसोबत आणखी काहीतरी गेल्यासारखे तिला वाटले असेल. हा माझा तर्क आहे. तिच्या तुटकपणाला तिच्या आयुष्यातले दुसरेच एखादे कारण असू शकते. तरीही तुमच्या बाजूने जे राहून गेले ते तुम्ही करायलाच हवे.

तिला हाताने पत्र लिहा, आणि निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी ते पोचेल असे पाहा. त्या पत्रात तुमच्या येण्याचा उल्लेख करू नका. तो केलात तर भेट सुरळीत व्हावी म्हणून आता दिलगिरी आली, असे तिला वाटू शकेल. तुम्ही का येऊ शकला नाहीत याची कारणेही देऊ नका, ती कितीही खरी असली तरी. 'तुला वाईट वाटले असेल तर' अशी सुरुवातही टाळा, कारण त्या 'तर'मुळे झालेल्या गोष्टीवरच शंका घेतल्यासारखे होते. साधे आणि पूर्ण लिहा : 'काकू गेल्या तेव्हा मी तुझ्याजवळ यायला हवे होते. ते जमले नाही तरी फोन करायला हवा होता, तोही केला नाही. ते दिवस तू माझ्याविना काढलेस याचे मला फार वाईट वाटते.' इथे थांबा, आणि मग काकूंविषयी लिहा. त्या तुम्हा दोघींना पहाटे कशा उठवत ते लिहा : हाक मारून, की दिवा लावून, की नुसत्या दारात उभ्या राहून, त्या वेळी त्या काय म्हणत, उठायला उशीर झाला तर काय करत. हा तपशील तुमच्याजवळ आहे. आईविषयीची अशी एखादी ओळ, जी तिला स्वतःला कदाचित आठवतही नसेल, ती तुमच्याकडून मिळणे तिच्यासाठी दिलगिरीहूनही मोलाचे ठरू शकेल. शेवटी उत्तराची अपेक्षा नाही असे लिहा आणि खरोखरच ती ठेवू नका.

उत्तर आले नाही तर पत्र मिळाले का म्हणून विचारू नका. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी इतर दोघींना जसा निरोप पाठवाल तसाच तिलाही पाठवा : अमुक दिवस मी तिथे आहे, तुला भेटावेसे वाटले तर तू म्हणशील तेव्हा येईन, नाही वाटले तरी मी समजून घेईन. तिने होकार दिला तर पहिली भेट तिच्या घरी आणि दोघींचीच असू द्या. चार जणींसमोर पहिल्यांदा भेटण्याचा प्रसंग तिच्यावर आणू नका. ती रागावून बोलली तर बोलू द्या. त्या वेळी तुमचे डोळे भरून येणे साहजिक आहे, पण तुम्हालाच सावरण्याची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका. चार वर्षांपूर्वीही तिने एकटीनेच स्वतःला सावरले आहे. 'आता माफ केलेस ना?' असे निघताना विचारू नका. आणि ती भेटायला नाही म्हणाली, तर बाकीच्या दोघींकडे तिच्याविषयी चौकशा करू नका, त्यांना मध्यस्थीलाही पाठवू नका. पत्र तिच्याजवळ आहे. ते कधी उघडायचे आणि त्याचे काय करायचे हे ती ठरवेल, आणि त्याला आणखी काही वर्षेही लागू शकतात.

सगळ्यांनी एकत्र जमायचेच असेल तर ते आठवड्याच्या शेवटी, एकेकीला भेटून झाल्यावर ठरवा, आणि परदेशातल्या मैत्रिणीला त्या वेळी फोनवरून सामील करून घ्या. तोपर्यंत तुम्हाला प्रत्येकीच्या घरातले काय विचारावे आणि काय विचारू नये हे कळलेले असेल. एखादीने शेवटच्या क्षणी येणे टाळले तर ते मनाला लावून घेऊ नका.

निवृत्तीनंतर तिकडे राहायला जाण्याचा विचार मात्र या आठवड्यापासून पूर्णपणे वेगळा ठेवा आणि या भेटीत त्याचा उच्चारही करू नका. तो ऐकताच मैत्रिणी तुम्हाला घरे सुचवू लागतील किंवा आपल्यावर येणाऱ्या जबाबदारीने मनातून धास्तावतील; दोन्ही प्रकारांत तुमच्या भेटींचा रंग बदलेल. शिवाय पाहुण्यासाठी लोक वेळ काढतात, तसा तिथेच राहणाऱ्यासाठी काढत नाहीत, त्यामुळे आठवडाभराच्या अगत्यावरून पुढच्या २० वर्षांचा अंदाज येणार नाही. जुन्या मैत्रीतला विश्वास सहसा टिकून असतो. डॅनियल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या, कामाच्या निमित्ताने जुळलेल्या आणि नंतर थंडावलेल्या ओळखींवरच्या अभ्यासातही तसेच दिसले होते. पण रोजचा सहवास हा वेळ देऊनच नव्याने उभा करावा लागतो. नुसत्या ओळखीतून जवळची मैत्री व्हायला एकत्र घालवलेले २०० हून अधिक तास लागतात, असा अंदाज जेफ्री हॉल या संशोधकांनी मांडला आहे. तुमची सुरुवात शून्यापासून नाही हे खरे, पण दोन संध्याकाळींत ते तास भरणार नाहीत हेही खरे. विचार पक्का होत गेला तर पुढच्या वर्षी एखादा महिना भाड्याच्या जागेत, सणवार नसलेल्या साध्या दिवसांत राहून पाहा. आजारी पडल्यावर कोणाला बोलवाल, दुपारी काय कराल, कोणीही मोकळे नसलेला पावसाळी रविवार कसा जाईल, याची उत्तरे त्या महिन्यात मिळतील. तिन्ही मैत्रिणी इथे नसत्या तरी आपण इथे राहिलो असतो का, हा प्रश्न स्वतःला विचारा, आणि उत्तर 'नाही' असे आले तर घर घेऊ नका.

राहता राहिला ताजा कलम. या खेपेला एकट्याच जा. यजमान सोबत असतील तर मैत्रिणींना त्यांचे आदरातिथ्य करावे लागेल, तुम्हाला प्रत्येक किश्श्याची पूर्वपीठिका त्यांना समजावून सांगावी लागेल, आणि काकूंविषयीचे बोलणे तर त्यांच्यासमोर होणारच नाही. फार तर शेवटच्या दोन दिवसांसाठी त्यांना बोलावून घ्या. तोपर्यंत एकेकीला भेटणे झालेले असेल आणि तुमच्या शाळेचा रस्ता त्यांना दाखवायला तुमच्याकडे वेळही असेल. मात्र हे असे का ठरवले आहे ते तिकिटे काढण्यापूर्वीच त्यांना सांगा, आणि काकूंविषयी मैत्रिणीला लिहिलेल्या पत्राबद्दलही सांगा.